पडलं ते दान

फासे टाकायला आम्ही परात वापरतो. मामीची, कणीक मळायची पितळी परात. आधी टेबलावरच टाकायचो, पण बाळूच्या घरातली फरशी कुठंतरी उतरती आहे. फासा घरंगळत जायचा तो थेट कपाटाखाली. मग मोबाइलचा टॉर्च, झाडूचा दांडा, आणि फासा बाहेर आला की "सहाच होता", "कुणी बघितला?" हे भांडण. परातीत टाकला की खणखण आवाज होतो आणि जे काही पडायचं ते चारचौघांत पडतं. आवाज झाला की मामी आतून ओरडते, "काय पडलं गं?" तिला आमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण लहानपणी कवड्यांवर सारीपाट खेळलेली बाई ती. दान पडल्याचा आवाज आला की तिला राहवत नाही.

दर रविवारी संध्याकाळी राजारामपुरीत बाळूकडं आम्ही पाच-सहा जण जमतो. बाळू माझा मामेभाऊ. आठवडाभर शिरोलीच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला, रविवारी डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. प्रत्येकानं एकेक पात्र चालवायचं, डीएमनं उरलेलं सगळं जग चालवायचं, आणि जमलं की नाही असा प्रश्न आला की फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढलं, तेव्हापासून हे चालू आहे. मामीच्या परातीत यायला त्याला ४२ वर्षं लागली.

खेळाच्या आधी पात्र तयार करावं लागतं, आणि वाद तिथूनच सुरू होतो. मूळची रीत अशी की तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि आकडे येतील त्याच क्रमानं लिहून घ्यायचे. ताकद, मग बुद्धी, मग शहाणपण, असं खाली करिष्म्यापर्यंत. अदलाबदल नाही. आधी दान, मग त्या दानातून कोण उभं राहतंय ते बघायचं. दुसरी रीत पॉइंटांची. सगळ्यांना सारखे पॉइंट, २०१४च्या आवृत्तीत २७, आणि त्यातून हवं ते विकत घ्यायचं. आठच्या खाली जाता येत नाही, पंधराच्या वर चढता येत नाही. चौदा घ्यायला ७ पॉइंट लागतात आणि पंधराला ९. वरचा माल महाग, कुठल्याही दुकानात असतो तसा. यात माणूस आधी डोक्यात ठरलेला असतो, आकडे त्याच्या मापानं शिवून घ्यायचे.

मी सात वर्षं पॉइंटवाली होते. कट्टर.

त्याला कारण माझी मोठी आत्या. बी.एस्सी. झाल्यावर मला पुण्यात संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला होता. घरात चर्चा झाली, म्हणजे मी सोडून सगळे बोलले. इथंही विद्यापीठ आहेच की, असं ठरलं. आहेच, १९६२पासून आहे, आणि चांगलं आहे. मी तिथंच शिकले आणि त्याच जोरावर आज अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवते. पण त्या दिवशी आत्यानं पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "पदरी पडलं, पवित्र झालं बाळा." पुढं लग्न ठरलं तेव्हा परत तेच. ही म्हण कुणी पुरुषाला ऐकवलेली मी अजून तरी ऐकलेली नाही. त्यांना पदर नसतो, हे कारण असावं.

त्यामुळं बाळूनं पहिल्या रविवारी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला आणि म्हणाला, "ताई, हे सत्तावीस पॉइंट. तुला काय पाहिजे ते घे," तेव्हा मी अर्धा तास नुसती पेन्सिल हातात धरून बसले होते. तुला काय पाहिजे ते घे. बांगड्यांच्या दुकानाबाहेर हे वाक्य मला फारसं कुणी ऐकवलेलं नव्हतं.

मी चेटकीण घेतली. बुद्धी १५, ताकद ८. बोलण्यात कुणाला हार न जाणारी, लढाईत सगळ्यांच्या मागं उभी राहून अचूक वेळी मंत्र टाकणारी. ती मेली तेव्हा दुसरी केली. तिचं नाव वेगळं, केस वेगळे, देश वेगळा, बुद्धी १५, ताकद ८. तिसरी पुरुष होती. एकदा नवरा मला न्यायला आला होता, थोडा वेळ मागं उभा राहून ऐकत होता. गाडीवर बसल्यावर म्हणाला, "ती राक्षसाला हिशेब समजावून सांगत होती ती तूच ना?" मी म्हटलं, ती पात्र होती. तो म्हणाला, "हां. मागच्या वेळची पण तूच होती." रंकाळ्यापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही, कारण खरं होतं. सात वर्षांत पाच पात्रं झाली होती. पाचही हुशार, तोंडाळ, आणि पुण्याला जाऊन शिकलेली.

मग बाळूनं याच खेळाचं १९८१चं जुनं 'बेसिक' पुस्तक काढलं, टॉम मोल्डव्हेनं संपादित केलेलं, आणि जाहीर केलं: तीन फासे, क्रमानं, रडारड नाही.

रडारड झालीच. सगळ्यात मोठी बाळूच्या बायकोची. ती वकील आहे आणि समोर आलेल्या प्रत्येक नियमावर तिची हरकत असते. तिचं म्हणणं, एकाला दानात सगळं चांगलं पडणार, दुसऱ्याला सगळं भंगार, आणि दोघांनी सहा महिने एकाच टेबलावर बसायचं. हा कुठला न्याय? "शाहू महाराज असते तर त्यांनी पॉइंटच वाटले असते," असं तिनं ठणकावून सांगितलं. कोल्हापुरात कुठलाही वाद दहाव्या मिनिटाला शाहू महाराजांपाशी येतो, हा काही नवीन अनुभव नाही. पण यावेळी ते नाव अगदीच उगाच आलं नव्हतं. १९०२ साली संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाच्या गावात बसून, जन्माचं दान जे पडेल ते गोड मानावं, असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं जरा आवाज खाली करूनच म्हणावं. माझ्या वर्गात अजूनही बोर्डिंगात राहून शिकणारी पोरं येतात. त्यांच्याकडं बघून मला कधी 'पदरी पडलं' म्हणवणार नाही.

बाळूकडं उत्तर तयार होतं. "महाराज स्वतः दत्तक होते. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव. १८८४ला आनंदीबाईंनी दत्तक घेतलं आणि शाहू नाव ठेवलं. दहा वर्षं पण पुरी झाली नव्हती. त्यानं कुठं पॉइंट वाटून राजा व्हायचं ठरवलं होतं? दान पडलं, आणि मग त्या दानाचं काय केलं ते जग बघतंय." वहिनी म्हणाली, दत्तक घेणाऱ्यानं निवडलं होतं ना, म्हणजे ते पॉइंटांनी विकत घेणंच झालं. दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलत होते. चहा आला म्हणून थांबले.

मी मात्र त्या 'दत्तक' शब्दापाशी अडकले होते. दत्तक पोर आपण घडवलेलं नसतं, आणि नुसतं पदरात येऊन पडलेलंही नसतं. मध्ये कुणीतरी हात पुढं केलेला असतो.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं फाशांना घाबरावं हे तसं शोभत नाही. तीन फाशांची २१६ दानं होतात. त्यात अठरा एकाच तऱ्हेनं पडतात, तीनही एकाच तऱ्हेनं. दहा २७ तऱ्हांनी, अकराही २७ तऱ्हांनी. म्हणजे चारातला एक आकडा दहा नाहीतर अकराच निघणार. फासे ठासून सांगत असतात की बहुतेक माणसं बहुतेक बाबतींत मध्यम असतात. हे खेळणाऱ्यांना फार दिवस सहन झालं नाही. १९७९च्या डीएमच्या पुस्तकात चार फासे टाकून सगळ्यात लहान फासा सोडून द्यायची सवलत आली. त्यानं सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास चढते, आणि अठरा पडायची शक्यता साडेतीन पट होते. मी हे फळ्यावर सोडवून दाखवते तेव्हा पोरं विचारतात, मॅडम, हे पेपरला येतं का. येत नाही.

तर परात पुढं आली. ताकद ६. बाळू म्हणाला, होतं असं. बुद्धी ९. माझी बुद्धी, ९! शहाणपण १४. चपळाई ८. काटकपणा १५. करिष्मा: एक, एक आणि तीन. पाच.

आतून मामी: "काय पडलं?"

"पाच!"

"अगंबाई. परत टाक की मग."

आणि गंमत म्हणजे तशी सोय पुस्तकातच आहे. एखादं पात्र अगदीच टाकाऊ पडलं, म्हणजे सगळे आकडे खालचे किंवा दोन-तीन फारच वाईट, तर ते ठेवायचं की नवं टाकायचं हे डीएमनं ठरवावं असं लिहिलेलं आहे. माझे दोन आकडे सहा किंवा त्याहून खाली होते. बाळूनं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, टाकायचं असलं तर टाक. मी हो म्हणतो."

टाक म्हटला असता तर मी टाकलं असतं. घेच म्हटला असता तर भांडून टाकलं असतं. पण 'तुझ्यावर आहे' म्हटल्यावर मी त्या सहा आकड्यांकडं पहिल्यांदा नीट बघितलं. अंगात जोर नाही. डोकं बरं, पण फार नाही. शहाणी. चिवट. आणि कुणाला आवडत नाही. कुणाला म्हणजे कुणालाच.

ही बाई मला माहीत होती.

आमचं माहेरचं घर शुक्रवार पेठेत. वाड्यात वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. तिचं खरं नाव सांगत नाही, हौसाक्का म्हणू. नळावर पोरं दंगा करायला लागली की वरून तांब्याभर पाणी ओतणारी. गणपतीची वर्गणी मागायला गेलं की मागच्या वर्षीचा हिशेब विचारणारी. तिच्या दारात चेंडू गेला की तो गेलाच. २००५च्या महापुरात पंचगंगा आमच्या उंबऱ्यातून आत आली तेव्हा खालची चार बिऱ्हाडं वर गेली, कारण वर फक्त तिचीच खोली होती. तीन दिवस आम्ही तिथं होतो. तिनं रोज माणशी दोन भाकऱ्या दिल्या. मोजून. तिसरी मागितली की खेकसायची, "उद्याला काय पाणी खाशील?" कुणाला तिचं बोलणं गोड लागलं नाही. तिनं स्वतः किती खाल्ल्या हे कुणी मोजलं नाही. पाणी उतरल्यावर सगळे आपापल्या खोलीतला चिखल उपसायला खाली गेले, आणि नंतर तिच्याकडं विशेष कुणी फिरकलं नाही. आम्हीही नाही.

मला २७ नाही, ५०० पॉइंट दिले असते तरी मी तिला विकत घेतली नसती. ती माझ्या यादीतच नव्हती.

मी कागदावर लिहिलं, हौसाक्का. क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, क्लेरिक, म्हणजे पुजारी, कारण शहाणपण १४ होतं आणि दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं. क्लेरिकला पहिल्या पातळीवर एकही मंत्र मिळत नाही आणि धारेचं हत्यार चालत नाही. शस्त्राच्या रकान्यात मी मुसळ लिहिलं. जीव किती, तर एका फाशावर सहा पडले आणि काटकपणाचा एक जादा: सात. वहिनीच्या पदरात ताकद १७चा योद्धा पडला होता. तिनं न्यायाचा मुद्दा पुन्हा काढला नाही.

करिष्मा ५ म्हणजे काय हे हळूहळू कळत गेलं. चाकरीला दोनच गडी ठेवता येतात, आणि त्यांची निष्ठाही पाचच. मोहिमेवरून परतल्यावर ते पुढच्या खेपेला येणार का हे ठरवायला दोन फासे टाकतात. बेरीज पाच किंवा कमी आली तरच येतात. ३६ दानांतली १०. समोर कुणी अनोळखी आलं की त्याच्या पहिल्या प्रतिक्रियेच्या दानातून एक वजा. थोडक्यात, हौसाक्कानं तोंड उघडलं की काम बिघडणार. आणि मी, जिनं सात वर्षं राक्षसांना बोलून बोलून दमवलं होतं, ती गप्प बसायला शिकले. गप्प बसलं की काय काय दिसतं! आमच्या टोळीत कोण कुणाचं ऐकत नाही, दोरी कुणाकडं आहे, तेल किती उरलंय. मी वहीत मशाली मोजायला लागले.

चौथ्या रविवारी आम्ही जमिनीखाली अडकलो. वाट बंद, शिधा तीन दिवसांचा, माणसं सात. योद्धा म्हणाला, मी पुढं लढतो, मला दुप्पट पाहिजे. आणि माझ्या तोंडून, मी काही न ठरवता, शुक्रवार पेठेतल्या त्या खोलीतला आवाज निघाला: "दोन. मोजून. उद्याला काय पाणी खाशील?" टेबलावर सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्याच क्षणी मला हौसाक्कानं तेव्हा जे मोजलं होतं ते काय होतं हे कळलं. आम्ही वाचलो. वर आल्यावर गड्यांसाठी फासे टाकले. मशालवाल्याचे नऊ पडले, तो गेला. ओझं वाहणाऱ्याचे चार पडले. तो राहिला.

आता यावरून मी फाशांची भक्त झाले असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. 'ट्रॅव्हलर' नावाचा एक खेळ आहे, मार्क मिलरचा, १९७७चा. त्यात अठराव्या वर्षी पात्र नोकरीत भरती होतं, चार-चार वर्षांच्या टर्म करतं, पाच टर्म झाल्या की पेन्शनसुद्धा लागते. फक्त प्रत्येक टर्मला जगलं-वाचलं याचं दान टाकायचं. मूळ नियमात ते चुकलं तर पात्र मरतं. म्हणजे खेळ अजून सुरूच झालेला नाही, पात्र तयार होतंय, आणि तेवढ्यात मेलं. आमच्यातल्या एकाचं दुसऱ्या टर्मला गेलं. त्याचे मामा फौजेतून रिटायर झालेले आहेत. त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला आणि त्या दिवशी दुसरं पात्र केलं नाही. विनोद म्हणून ठेवलेला नियम असेल, पण टेबलावर तो प्रत्येकाला विनोद वाटेलच असं नाही.

पॉइंटांचीही आपली एक मजा असते, ती नाकारायची नाही. १९८६च्या 'गर्प्स' या खेळात १०० पॉइंट मिळतात आणि शिवाय दोष विकता येतात. एक डोळा नसेल तर १५ पॉइंट तुमचे. बाळूनं असा एक नायक केला होता की त्याला एक डोळा नव्हता, तो हट्टी होता, लोभी होता, आणि पाण्याला घाबरायचा. या सगळ्याची कमाई तलवारीत घातलेली. कपिलतीर्थ मार्केटात मामी ज्या चिकाटीनं कोथिंबिरीची जुडी फुकट काढते तीच ही चिकाटी. आणि 'वॉरहॅमर' या खेळवाल्यांनी तर सरळ लाच ठेवली आहे. त्यांच्या २०१८च्या चौथ्या आवृत्तीत धंद्यासाठी दान टाकायचं. जे पडेल ते मुकाट घेतलं तर ५० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, जादा, तीन टाकून त्यातलं एक निवडलं तर २५, आणि आपल्या मनानं घेतलं तर काही नाही. तिथं दानात उंदीर पकडणारा पडू शकतो, सोबत त्याचं चावरं कुत्रं. मला ही लाच आवडते. आत्यानं 'पवित्र झालं' म्हणायच्या ऐवजी ५० कशाचे तरी द्यायला हवे होते.

वडील तरुणपणी तालमीत जायचे. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: यात नवीन काय? त्यांचे वस्ताद नव्या पोराला आधी नुसतं उभं करायचे, पुढून-मागून बघायचे. बुटक्या, रुंद पोराला पट काढायला शिकवायचे, लांब हातापायाच्याला टांग मारायला. कुठल्याच पोराला 'तुला कुठला डाव पाहिजे' असं विचारायचे नाहीत. मी म्हटलं, आणि एखाद्याला कुस्तीच नको असली तर? वडील बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "मला नको होती. मला हार्मोनियम शिकायची होती." हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

हौसाक्का अजून जिवंत आहे. तिसरी पातळी. मंत्र मिळाले, दोन. ओझ्याचा गडी अजून तिच्याबरोबर आहे. बाळू दर वेळी फासे टाकतो आणि तो दर वेळी राहतो. ३६त १०, लागोपाठ पाच वेळा. मी गुणाकार करून बघितला आणि मग तो कागद फाडून टाकला.

मागच्या रविवारी माझी लेक पहिल्यांदा खेळायला बसली. अकरा वर्षांची. बाळूमामानं तिला दोन्ही रीती नीट समजावल्या, माझ्यापेक्षा चांगल्या. तिनं विचारलं, "आणि नाही आवडलं तर?" तो म्हणाला, तर परत टाक. "किती वेळा?" तो माझ्याकडं बघायला लागला. मी मशाली मोजत होते.

तिनं टाकले. परात वाजली, आतून मामीचा प्रश्न आला. करिष्म्याला तीन सहा पडले. अठरा. त्या घरात कुणालाच कधी अठरा पडलेले नव्हते. वहिनी तर उभीच राहिली. लेकीनं सहाही आकडे शांतपणे वाचले, कागद उलटा केला आणि म्हणाली, "मला हे नको. मला घोडा व्हायचंय."

"घोडा घेता येतो. विकत," बाळू म्हणाला.

"घ्यायचा नाही. व्हायचंय."

बाळू पुस्तक चाळायला लागला. प्राण्यांच्या भागात गेला, पानावर बोट ठेवलं. "साध्या घोड्याला जिवाचे दोन फासे आहेत, हिट डाइस. लढाईच्या घोड्याला तीन."

"लढाईचा दे," ती म्हणाली.